पप्पांच्या डोळ्यांचे थेंब

पप्पा,

मी ड्युटीला निघालेय. डोळ्यांच्या थेंबांची नवी बाटली फ्रिजवर ठेवलीय. केमिकल म्हणून नाक मुरडू नका. आपल्या केळीच्या खोडाच्या सोपटात असतं, तसल्याच सेल्युलोजपासून ते औषध बनवतात. डोळा ओला ठेवायचा, एवढंच त्याचं काम. फक्त थेंब टाकल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं, तेव्हा लगेच कोयता घेऊन वाडीत शिरू नका. परवा तसंच जाऊन कोवळा घड उतरवलात. त्याचीच भाजी केलीय, गरम करून जेवा.

आणि काल ऑस्टिनदादा फोनवर नाताळला घरी येतो म्हणाला, तेव्हा गाल पुसत तुम्ही म्हणालात, थेंब जास्त पडले. जुनी बाटली सकाळीच संपली होती, पप्पा. नवी माझ्या पर्समध्ये होती.

सँड्रा