आतून कडी

॥ नमो बुद्धाय ॥
बारामती,
१४ एप्रिल १९९३

ती. सारजाअक्कास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

सकाळी पुतळ्याला हार घालून आलो आणि पहिलं काम म्हणून तुला लिहायला बसलो. गेल्या महिन्यात आमच्या कचेरीत पुण्याहून एक व्याख्याते आले होते. त्यांचं म्हणणं, माणसानं दर वर्षी एक उद्दिष्ट ठरवावं, कागदावर लिहावं आणि ज्याच्यापुढे खोटं बोलता येत नाही अशा एका माणसाला कळवावं. असं माणूस मला एकच ठाऊक आहे. तेव्हा माझं लिहून ठेव. दर वर्षी एक तरी जागा घ्यायची नाहीतर असलेली वाढवायची, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी राजीनामा साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. त्यानंतर पगारासाठी कुणाला सलाम नाही. याला आर्थिक स्वातंत्र्य म्हणतात. अंजली म्हणते, आधी घरमालकाच्या नळापासून स्वातंत्र्य मिळवा. तिचंही खोटं नाही, पण भाड्याच्या दोन खोल्यांत काढू आणखी काही वर्षं.

आबांचं छप्पर दोनदा उठवलं गेलं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. दोन्ही वेळा जागा दुसऱ्याची निघाली. साऱ्या जन्मात त्यांच्या नावावर चुलीएवढी जमीन झाली नाही. मला ते विसरता येत नाही.

आता मुख्य बातमी. दाजींच्या माघारी कारखान्यातून फंडाचे जे पैसे आले आणि तू माझ्याकडे ठेवलेस, त्यांतून तुझ्या नावावर दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला. स्टँडपासून चालत वीस मिनिटं, कोपऱ्यावर नळ, समोर पिठाची गिरणी. पुढच्या आठवड्यात तेजूला घेऊन ये, जागा बघ आणि मुखत्यारपत्रावर एक सही करून जा. म्हणजे पुढं दर कागदाला तुला पळसदेवहून एसटीनं यायला नको, तुझ्या वतीनं मीच सही करीन.

तेजूला गोड पापा. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा,
रवी


पळसदेव,
९ मे १९९३

चि. रविंद्र यास,
अ. उ. आशीर्वाद, वि. वि.

बारामतीहून आल्यापासून ती जागा डोळ्यांपुढून हलत नाही. मोकळ्या मातीत पावलं मोजत, इथं चूल, इथं मोरी करत फिरले तेव्हा तू हसलास. तुला वाटलं असेल, अक्काला ऊन लागलं. पण मी सगळं ठरवून आले आहे. कोपऱ्यात शेवग्याची फांदी लावली आणि गिरणीवाल्या रंगूबाईला पाणी घालायला सांगितलं. ती म्हणाली, घालते की, तुमी लवकर ऱ्हायला या म्हंजे झालं.

तुझं उद्दिष्ट मी लिहून ठेवलं. आता माझं ऐक. ते एकच आहे आणि दर वर्षी बदलणार नाही. एक दार, त्याला आतून कडी.

इथली खोली तू पाहिली आहेस. एका अंगाला खताची पोती, दुसऱ्या अंगाला पेंडीची, मध्ये आम्ही दोघी. खोली मुळात पोत्यांची, म्हणून कडी बाहेरून. माझे दीर दत्तोबा माणूस वाईट नाहीत, पण आत येताना खाकरायची त्यांना सवय नाही, आणि त्यांच्या गड्यांना तर नाहीच. पातळ बदलायचं तर एकीनं दाराला पाठ लावून उभं राहायचं. निजताना आम्ही दोघी मिळून एक भरलेलं पोतं ओढून दाराला लावतो. तेजू दहा वर्षांची झाली, रवी. मी सासूबाईंकडे कडीचं काढून पाहिलं. भामाबाई म्हणाल्या, नवरा न्हाय त्या बाईला आतनं कडी कशाला लागती.

इंदापूरच्या बाजारातून मात्र एक पितळी कडी घेतली, अंगणवाडीच्या मानधनातून. बारामतीला येणाऱ्या मास्तरांबरोबर ती तुझ्याकडे पाठवते आहे. इथं ठेवली तर कशाला आणली म्हणून चौकशी होईल. माझं दार बसेल त्या दिवशी तूच लाव.

धरणाचं पाणी बरंच उतरलं. जुन्या देवळाचं शिखर वर आलं आहे. देवाचं घर पाण्याखाली जाऊन पुन्हा वर येतं, तर आमचं काय अडलंय.

अंजलीला आशीर्वाद. अक्काची आठवण ठेव, बाकी काही नको.

तुझी,
सारजाअक्का


॥ नमो बुद्धाय ॥
बारामती,
१४ एप्रिल १९९४

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

खाली बसून वाच. तुझा प्लॉट विकला.

एका शिक्षकांना घर बांधायची घाई होती आणि त्यांनी दाम चांगला दिला. तुला विचारायला हवं होतं, कबूल. पण पत्र जाऊन उत्तर येईतो गिऱ्हाईक गेलं असतं, आणि तुझं मुखत्यारपत्र होतंच. त्याच पैशांत काटेवाडीच्या अलीकडे तुझ्या नावावर पाच गुंठे घेतले. एका वर्षात दोनाचे पाच. साऱ्या कचेरीत एवढी झेप कुणाची नाही. नळ अजून नाही, पण येईल. हात केला की एसटी थांबते.

तिथं खोली बांधण्याचा विचार एवढ्यात नको. घर बांधलं की जागा अडकते, तिला वाढू द्यावं. सोसलंस तशी आणखी दोन वर्षं सोस, मग एक खोली काय, चार खोल्या बांधू.

तुझी कडी सुखरूप आहे. कपाटात खरेदीखतांच्या फायलीवर ठेवली आहे. पंख्यानं कागद उडतात, तेवढं वजन बरं पडतं.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा,
रवी


पळसदेव,
१ मे १९९४

चि. रविंद्र यास,
अ. उ. आशीर्वाद, वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मग तेजूला वाचायला दिलं, म्हटलं माझ्याच वाचण्यात चूक असेल. तिनंही तेच वाचलं.

दोनाचे पाच झाले, चांगलं झालं. तुझी हुशारी मी नाकारत नाही. पण मी पाच गुंठे मागितले नव्हते. चूल कुठं आणि मोरी कुठं ते माझं ठरलं होतं, ते आता त्या शिक्षकांची बायको ठरवेल. त्यांना एवढा निरोप दे की शेवगा तोडू नका. पहिल्या वर्षी तो काडीसारखा दिसतो, पण जगतो.

तेजू म्हणते, मामा आपला प्लॉट पुढं पुढं सरकवतोय, असाच सरकवत राहिला तर इंदापूर ओलांडून पळसदेवला येईल, मग आपल्याला हलायलाच नको. मी पुष्कळ दिवसांनी हसले. नंतर रडले, तुझ्यापासून काय लपवायचं.

आबांचं तू लिहितोस ते मला कळतं. त्यांच्या नावावर जमीन नव्हती, हे तुझ्या मनात काट्यासारखं बसलं आहे. पण आबा निजताना छपराचं तट्टं आतून बांधून घ्यायचे. तेवढं आपल्याला होतं.

लोभ असावा, असं पत्राखाली लिहायची रीत आहे. तुझा जमिनीवरचा लोभ पाहून लिहायला भीती वाटते. त्यातला थोडा माझ्याकडे वळव.

तुझी,
अक्का


॥ नमो बुद्धाय ॥
बारामती,
१४ एप्रिल १९९६

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

गेल्या वर्षी सौदा हुकला, सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही. यंदा आहे. पाच गुंठ्यांचे अकरा झाले. जागा काटेवाडीच्या पलीकडे, रस्ता सोडून थोडी आत आहे. वाट सध्या बैलगाडीची, आजूबाजूला ऊस. आज तिथं कुणी राहायला जाणार नाही, पण मोठा रस्ता होणार असं सगळे बोलतात. झाला की बघ.

माझ्या स्वतःच्या चार जागा झाल्या. पंचेचाळिसाला नऊ वर्षं उरली. अंजली हल्ली बोलत नाही, नळावर नंबर लावते आणि हंडे आणते. तिला सुखाचे दिवस दाखवायचे आहेत, तुलाही. तुम्हा दोघींसाठीच तर हे सगळं चाललंय.

तेजूच्या कार्डातून कळलं की तुला खोकला आहे. अंगावर काढू नकोस. सवडीनं दोन ओळी लिही, वाट बघतो.

तुझा,
रवी


पळसदेव,
२० नोव्हेंबर १९९६

चि. रविंद्र यास,
अ. उ. आशीर्वाद, वि. वि.

आजवर मी तुला टोमण्यातून सांगितलं. आज सरळ लिहिते.

इंदापूरच्या डॉक्टरांनी छातीत पाणी झाल्याचं सांगितलं. खताच्या वासात आणि ओलीत राहू नका म्हणाले. मी मान हलवली. कुठं राहू, ते त्यांना कसं विचारणार. दत्तोबांनी तीन पोती बाहेर काढली, पावसानं भिजायला लागली तशी परत आत ठेवली. त्यांचंही खत भिजून कसं चालेल.

अंजली तुमच्याकडे बोलावते, तो तिचा मोठेपणा. पण दोन खोल्यांत मुलं धरून तुम्ही चौघं. दुसऱ्याचं एक दार सोडून दुसऱ्याच्याच दुसऱ्या दाराला मी येणार नाही. माझ्या अकरा गुंठ्यांतले दहा वीक आणि बारामतीत, इंदापुरात, कुठंही एक खोली बघ. विकत नको, भाड्याची चालेल. पत्र्याची चालेल. तेजू तेरा संपून चौदाव्यात आली आहे. मी खोकत पडते तेव्हा पोतं लावायला मला उठता येत नाही, ती एका बाजूनं ओढते आणि मी बसल्या बसल्या पायानं रेटते.

रवी, मला मोठं काही नको. आपलं दार आपण लावून एकदा निजायचं आहे.

लवकर उत्तर दे. तुझ्यावर माया आहे आणि ती रागावरही पुरून उरते.

तुझी,
अक्का


बारामती,
२ डिसेंबर १९९६

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र वाचून जीव कासावीस झाला. औषधासाठी मनिऑर्डर केली आहे. पण आत्ता विकलं तर निम्म्यानं जाईल, आणि भाडं म्हणजे दरमहा पैसे पाण्यात. मार्चअखेर एक मोठं गिऱ्हाईक येणार आहे. तेवढे चार महिने दम धर. मार्च उलटला की बारामतीत स्टँडजवळ तुझ्या मनासारखी खोली, आणि कडी मी माझ्या हातानं बसवतो. हे यंदाचं पहिलं उद्दिष्ट समज.

औषध चुकवू नकोस, एवढं भावाचं ऐक.

तुझा,
रवी


बारामती,
१४ एप्रिल १९९७

चि. तेजश्री हीस,
अ. उ. आशीर्वाद, वि. वि.

दर वर्षी आजच्या दिवशी मी तुझ्या आईला पत्र लिहायचो. सवयीनं कागद घेतला, ‘ती. अक्कास’ लिहिलं आणि मग आठवलं. ती जाऊन दोन महिने झाले, पण हाताला अजून कळलेलं नाही.

काल पायी पायी पहिल्या प्लॉटकडे गेलो. त्या शिक्षकांनी दोन खोल्या बांधल्या आहेत. शेवगा पत्र्याच्या वर गेलाय, शेंगांनी लगडलाय. चूल आणि मोरी अक्कानं दाखवली होती तिथंच असेल का, ते बघावं म्हणून फाटकापाशी थांबलो. दुपारची वेळ, दार लागलेलं होतं, आतून. तिथं उभं राहून मी रडलो. रंगूबाईंनी गिरणीतून पाहिलं आणि पाणी आणून दिलं.

अकरा गुंठ्यांवर तुझं नाव लागावं म्हणून अर्ज दिला. तू लहान, म्हणून नोंदीत असं लिहितात: तेजश्री, अज्ञान, पालन करणार मामा. तो अज्ञान शब्द, बाळ, त्यांनी चुकीच्या नावापुढे लिहिला आहे.

मार्चचं ते गिऱ्हाईक आलं नाही. तरी जागेला मी हात लावणार नाही. दोन वर्षांत रस्ता झाला की तुझं पुढचं सगळं शिक्षण त्यातून होईल, कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. मीही आता मोठं घर बघतोय. जूनमध्ये ते झालं की तुला इकडेच आणतो, दहावी इथं कर. तोवर तिथं सांभाळून राहा.

तुला आणखी काय हवं ते निःसंकोच कळव. मामाला परकं करू नकोस.

तुझा,
रवीमामा


पळसदेव,
२१ एप्रिल १९९७

ती. मामांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. माझी नववीची परीक्षा झाली, पेपर बरे गेले. पाणी खाली गेलंय, देऊळ पायऱ्यांपर्यंत उघडं पडलंय. आई असती तर मला रोज बघायला पाठवलं असतं.

तुम्ही रडलात असं लिहिलंत. रडू नका. आई तुमच्यावर रागावली होती, पण शेवटी इंदापूरच्या दवाखान्यात नर्सबाईंना सांगत होती की माझा भाऊ बारामतीला असतो आणि माझी अकरा गुंठे जागा आहे. ते सांगताना तिला बरं वाटायचं. तुमचं डिसेंबरचं पत्र तिच्या उशाखाली होतं. मार्च कधी लागतो ते ती मला विचारायची.

जमीन राहू दे, ती कुठं जात नाही. रस्ता झाला तरी चालेल, न झाला तरी चालेल. जूनमध्ये तुम्ही न्यायला आलात तर मी येईन.

काय हवं ते कळव म्हणालात म्हणून लिहिते. आईची पितळी कडी तुमच्या कपाटात आहे, ती पाठवून द्या. आईच्या खोलीत आता मी एकटीच असते. परवा भामाआजीनं स्वतः सुताराला बोलावलं आणि दत्तोबाकाकांच्या देखत सांगितलं, पोरीच्या दाराला आतनं कडी बसीव. आजी बाजारातून नवी आणणार होती. मी म्हटलं, आमची हाय, मामाकडं. त्यावर आजी पदर डोळ्यांना लावून बसली.

सुतार गुरुवारी येतो म्हणालाय. त्याच्या आधी कुणाबरोबर तरी नक्की पाठवा. जूनला अजून वेळ आहे. आई होती तोवर आम्ही दोघी मिळून पोतं ओढायचो. मला एकटीला ते सरकत नाही.

मामींना जयभीम. तुमच्या कपाटातले कागद उडू नयेत म्हणून दुसरं काहीतरी वजन ठेवा.

तुमची,
तेजू