वाकड्या शिंगाच्या नराला वाढू देण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा शिकार अधिकारी,
ग्रिमनाख खोरे, टिरोल.

विषय : वाकड्या शिंगाचा नर मारण्याचा हुकूम मागे घेण्याबाबत.
संदर्भ : आपला दि. ४ डिसेंबरचा हुकूम.

महोदय,

वरील हुकुमात हरणांतला हा नर 'निकृष्ट रक्ताचा' ठरवला आहे. शिकारीच्या रानाचे ठेकेदार श्री. ल्योफ्लर शनिवारी सकाळी बंदूक घेऊन येत आहेत. त्यांना तो नर दाखवून 'मारा' म्हणणे हे माझे काम. आज बुधवार. म्हणून हा अर्ज टपालावर न सोडता स्वतः आणून देत आहे.

१. मी एकतीस वर्षे या रानाचा रखवालदार आहे. कोणते हरीण काढायचे, म्हणजे मारून कळपातून कमी करायचे, आणि कोणते वाढू द्यायचे, हे ठरवण्यातच माझा जन्म गेला. काढण्यास माझी ना नाही. यंदा अठरा माद्या आणि तीन नर मी स्वतः काढले आहेत.

२. या नराला सहावे वर्ष चालू आहे. मान अजून सडपातळ, पाठ सरळ. उजवे शिंग खाली वळले आहे, हे खरे. पण मागचा डावा पाय दुखावला की उजवे शिंग वाकडे येते, हे आपणांस मी सांगायला नको. दर वसंतात गळालेली त्याची शिंगे मी जपून ठेवली आहेत. इजेआधीची जोडी सरळ आहे, इजेनंतरची पार वाकडी, आणि यंदा गळालेली तिच्याहून बरीच सुधारलेली. रक्तच खराब असते, तर आधीची जोडी सरळ आली असती का?

३. गावच्या खानावळीत माझी थट्टा चालते : "काय रे कोर्बी, त्या वाकड्याला पेन्शन चालू करतोस का?" थट्टा मी गिळतो. पण नोव्हेंबरच्या बैठकीत श्री. ल्योफ्लर यांनी सरळच विचारले, "पाय दुखावला म्हणता, मग कशानं दुखावला ते सांगा ना!" मी म्हणालो, "घसरला असेल दगडावरून." सगळे हसले. 'इजेचा पुरावा नाही' असे आपण हुकुमात लिहिलेत, त्यात आपली चूक नाही.

४. काल माझी पत्नी नोटबुर्गा म्हणाली, "बोलायची लाज वाटते ना, मग कागदावर लिहा. पण शनिवारच्या आत लिहा." म्हणून लिहितो. तो दगडावरून घसरला नाही. वरच्या कुरणातले जुने तारेचे कुंपण २०२२ च्या हिवाळ्यापूर्वी काढायचे होते. मी ते काढले नाही. बर्फ लवकर पडले, आणि मी अहवालात 'संपूर्ण तार काढली' असे लिहून सही ठोकली. पुढच्या जूनमध्ये हा नर त्याच तारेत मागचा डावा पाय अडकलेला मला सापडला. पक्कडीने तार तोडली, तेव्हा तो तीन पायांवर लंगडत गेला. हे मी पत्नीखेरीज कुणाजवळ बोललो नाही.

५. खोट्या अहवालापायी नोकरी जाते, हे मला ठाऊक आहे. त्याबाबत या अर्जात दयेची मागणी नाही. शनिवारी माझ्या जागी दुसरा रखवालदार उभा असेल, तर त्याच्या हाती आपली लेखी मनाई असावी, एवढीच विनंती आहे. शिंग माझ्यामुळे वाकडे आले. त्याची शिक्षा जनावराला होऊ नये.

या एका हुकुमाखेरीज सदैव आज्ञाधारक,

कोर्बिनिअन उंटरराइनर
(सही)
दि. १० डिसेंबर २०२५

सोबत :
१. गळालेली शिंगे, तीन जोड्या.
२. तोडलेली तार, केस चिकटलेले आहेत.
३. २०२२ च्या अहवालाची प्रत. खोट्या ओळीखाली रेघ मारली आहे.
४. रानातील कोठीच्या आणि बंदुकीच्या कपाटाच्या किल्ल्या.