मधलं पॅकेज

३ तारीख, सकाळ
आजपासून मी प्रोफेशनल फोटोग्राफर. रेट कार्ड तयार. सिल्व्हर पाच हजार, गोल्ड दहा, प्लॅटिनम तीस. यूट्यूबवर धंदा शिकवणाऱ्या व्हिडिओतला माणूस म्हणतो, प्लॅटिनम कुणी घ्यायचंच नसतं, ते बघून लोक घाबरतात आणि मधलं घेतात. इतकं सोपं असतं हे कुणी शाळेत का नाही शिकवलं? बाबा म्हणाले, महिनाअखेरपर्यंत एक तरी ऑर्डर आण, नाहीतर एक तारखेपासून मामाच्या टाइल्सच्या दुकानात कामाला लागायचं. एक? मला हसूच आलं.

७ तारीख
मावशीला नातवाच्या वाढदिवसाचे फोटो हवेत. तिन्ही पॅकेजेस वाचून दाखवली. तिने विचारलं, यातलं घरच्यांचं कुठलं? तसं नसतं म्हटलं, तर म्हणे लहानपणी तुझा शेंबूड पुसला, त्याचं बिल लावलं का कधी? फुकट अजिबात करणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

८ तारीख
फुकट केलं. पण तो पोर्टफोलिओ. तत्त्व शाबूत.

१२ तारीख
खालच्या मजल्यावरच्या डेंटिस्टना क्लिनिकचे फोटो हवेत. गोल्ड सांगितलं. विचार करतो म्हणाले. घोळ लक्षात आला: मी स्वस्त वाटतोय. रेट डबल.

१६ तारीख
कुणाचा फोन नाही. म्हणजे अजूनही स्वस्तच. परत डबल. ताई म्हणाली, एवढ्या पैशात लोक कॅमेराच विकत घेतील. जळते.

२१ तारीख
डेंटिस्ट जिन्यात भेटले. म्हणाले, ठरलं, ते दहावालं करून टाकू. खिशातून पाकीटसुद्धा काढलं. क्षणभर मोह झाला. पण ब्रँड आहे माझा. म्हटलं, गोल्ड आता चाळीस. आणि गप्प उभा राहिलो. रेट सांगून गप्प राहायचं, पहिला बोलेल तो हरला, असं व्हिडिओत आहे. ते काही न बोलता खाली गेले.
मी पण बोललो नाही. टाय.

२९ तारीख, संध्याकाळ
क्लिनिकबाहेर फोटो लागलेत. रिसेप्शनिस्टने मोबाईलवर काढलेत. लायटिंग भयानक. (बरे आलेत.) डेंटिस्टना मेसेज टाकला: खास ऑफर, दहा. मग पाच. मग तीन. उत्तर आलं: काम झालं रे, पण अक्कलदाढ दाखवायला ये एकदा.

१ तारीख
मामाचं दुकान. तात्पुरतं आहे, मार्केट स्टडी. सकाळपासून टाइल्सवर भावाची स्टिकर्स लावतोय. मामाला म्हटलं, प्रायसिंगमध्ये मी मदत करू शकतो. तो म्हणाला, भाव मी ठरवतो, तू चिकटव.
दुपारी त्याने विचारलं, पगार किती घेशील?
म्हटलं, तू देशील तेवढा.