गेरूच्या रेघांच्या भिंतीबाबत

मी, मैनाबाई खुशालराव मेहरे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा भाजीपाल्याची शेती, राहणार चांदूर बाजार, जिल्हा अमरावती, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकात किंवा भिडेत न येता हे मृत्युपत्र करून ठेवते. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला विचाराल तर दाखला कशाला? आज अक्षय्य तृतीया, आणि सकाळीच मी खापरावर पुरणाचे मांडे केले. एकही फाटला नाही. मी सांगितले आणि वकीलबाईंनी लिहिले. मधली माझी बडबड काढायची नाही, असे त्यांना आधीच बजावले आहे.

१. शेत सासऱ्यांकडून आलेले आहे, ते कायद्याने जसे जायचे तसे माझा मुलगा रोहित याच्याकडे जाईल. राहते घर रोहित आणि सून करिश्मा या दोघांना निम्मे निम्मे. यात भांडणाला जागा नाही.

२. भांडणाला जागा आहे ती घरामागच्या टिनाच्या छपराच्या शेडमध्ये. ती मी बाजारात भाजी विकून, माझ्या स्वतःच्या नावाने घेतलेली आहे. रोहित अकोल्याला नोकरी करतो, शनिवारी घरी येतो. शेड विकून अकोल्यात फ्लॅट घ्यावा असे त्याच्या मनात आहे, आणि माझे दीर जानराव यांनी गिऱ्हाईकसुद्धा पाहून ठेवले आहे. म्हणून स्पष्ट लिहिते. ही शेड, तिची जमीन आणि तिची उगवतीकडची भिंत मी एकट्या करिश्माला देत आहे. त्यावर रोहितचा, त्याच्या काकांचा किंवा आणखी कोणाचा काडीचाही हक्क राहणार नाही. का, तेही सांगते. नाहीतर लोक म्हणतील, सुनेने म्हातारीवर करणी केली.

३. मालक गेले आणि माझा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. वेणी घालायला दुसरे माणूस लागे. त्यातच रक्तात साखर निघाली. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवायचा म्हणजे त्याला हलू द्यायचे नाही. "बसा आता माय, लय केलं," म्हणत सगळ्यांनी मला खाटेवर बसवले, आणि भेटायला येणारी प्रत्येक बाई शिऱ्याचा डबा घेऊन आली. नको म्हणावे तर तिला राग. त्यावर कळस म्हणजे, साखर उतरावी म्हणून मी देवीला कणकेचे जाड रोडगे कबूल केले. औषधाने साखर थोडी उतरली. मग आम्ही शेतात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले, त्यांच्यावर तूपसाखर ओतली आणि नवस फेडला. वाढायला जानरावभाऊजी होते. "घ्या वयनी, देवीचा परसाद हाय, यानं काई होत नाई." काय झाले ते पुढच्या तपासणीत दिसले. देवीने कपाळाला हात लावला असेल.

करिश्मा कॉलेजात असताना अमरावतीला कबड्डी खेळायची. ती रागावली नाही. म्हणाली, "आई, खाटीवर बसून खांदा सुटत नाई. उठा, भिंतीले हात लावा." तिने मला शेडमध्ये नेले, आणि माझी बोटे जिथवर चढली तिथे भिंतीवर गेरूची रेघ मारली. रेघ माझ्या छातीशी होती. मी तिथेच रडू लागले. "थोडं दुखन," ती म्हणाली, "पन सोसते तेवढंच चढवा. उद्या पुन्ना."

मला वाटले होते, ही आता उकडलेले कायबाय खाऊ घालील. पण स्वयंपाक माझाच राहिला, ताट मात्र तिने फिरवले. भाकरी कमी झाली, अंबाडीची भाजी आणि मुगाचे वरण वाढले, सोबत जवसाची चटणी, वाटीभर ताक, आणि हात धुतले की बाजाराच्या टोकापर्यंत पायी चक्कर. रश्श्यावरचा तेलाचा तवंग तिने काढून टाकला. त्याबद्दल मी तिला माफ केलेले नाही, आणि हे मृत्युपत्र अमलात येईपर्यंत करणारही नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या. कोणी माझे नाव सांगून आपल्या बंद करू नयेत.

रेघ चढत गेली. अजून सांगताना अंगावर काटा येतो. माझे हाड म्हणजे वाळलेली तुराटी, असे मी समजत होते. त्या तुराटीत जीव कुठे दडून बसला होता? ज्वारी आमच्याच शेतातली, भाजी आमच्याच वाफ्यातली, आणि एके सकाळी माझी बोटे माझ्याच डोक्याच्या वर! मी त्या हाताकडे बघतच राहिले. अव माय, हे शरीर काय चीज आहे! जन्मभर आपण त्याला जुंपतो, वाटेल ते कोंबतो, शिव्या देतो, आणि नीट खायला घालून नीट हलवले की ते सगळे विसरून पुन्हा कामाला लागते. एवढे मोठे मन माणसाजवळ नाही.

त्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला मी चूल पेटवली, खापर पालथे घातले, आणि पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर झेलत पसरवली. मांडा कोपरापर्यंत आला, इतका पातळ की पलीकडचा जाळ दिसावा. पहिला मांडा मालकांच्या नावाच्या पानावर वाढला आणि मला रडू आवरेना. दुसरा मी खायला घेतला. अर्धा खाल्ला, उरलेला करिश्माने माझ्या हातातून काढून घेतला.

मग बाजारात माझ्या शेजारी बसणारी माणिकबाई तिचे गुडघे घेऊन आली. तिच्यामागून आणखी आल्या. आता पहाटे शेडमध्ये बाया मावत नाहीत, आणि भिंतीवर जिच्या तिच्या नावाच्या रेघा आहेत. भाऊजी म्हणाले, "वयनी, सुनेले आवरा. बायकाईनं दंडबैठका काढनं सोभते काय?" मी म्हटले, "भाऊजी, तुमी आदी माडीवर चढून दाखवा, मंग बोलू." तेव्हापासून ते तोंडदेखलेच बोलतात.

४. त्या भिंतीला कोणी चुना लावू नये. दिवाळीलासुद्धा नाही.

५. मांड्यांचे खापर करिश्माला. तुरीचे पोते उचलते, पण तिचा मांडा अजून फाटतो. शिकावे.

६. ज्या खाटेवर मला बसवून ठेवले, ती जानरावभाऊजींना द्यायची माझी फार इच्छा होती. परंतु ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकीलबाई म्हणतात. साक्षीदार म्हणून मला तेच हवेत, कारण त्यांची सही असली की भाऊबंदांत कोणी तोंड उघडणार नाही. सबब खाट मोडून चुलीत घालावी.

७. रोहित, तू माझा एकुलता एक. तुझ्यावर राग नाही. शनिवारी आलास की एकदा त्या भिंतीसमोर उभा राहून हात लावून पाहा. हाताच्या आधी तुझी ढेरी लागेल. तुझी रेघ तुझ्या बायकोकडून मारून घे, मग फ्लॅटचे बोल.

८. माझ्या तिरडीला पुढून एका बाजूने रोहितने आणि दुसऱ्या बाजूने करिश्माने खांदा द्यावा. आमच्यात बायका मसणात जात नाहीत, हे मला कोणी शिकवू नये. माझा मेलेला खांदा जिने उठवला, तिचाच खांदा मला शेवटी पाहिजे. तिला जड जाणार नाही. माझे वजन तिनेच उतरवले आहे.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. म्हणून उजव्या हाताने सही करते.

(सही) मैनाबाई खुशालराव मेहरे

साक्षीदार:

१. (सही) माणिकबाई चंद्रभान होले, चांदूर बाजार.

२. (सही) जानराव बुधाजी मेहरे, चांदूर बाजार. यांनी सहीखाली स्वहस्ते लिहिलेला मजकूर: समदं वाचलं. गिऱ्हाईकाले नाई म्हनून सांगतो. आठवं कलम दोनदा वाचलं. वयनी, करिश्मा पुढं राहू द्या, मांगून मी धरतो. पन तुमी घाई करू नका.

ठिकाण: चांदूर बाजार
दिनांक: ३० एप्रिल २०२५