टोपीवाल्याचे चार रविवार

हॉफर्ड, पेनसिल्व्हेनिया
१५ सप्टेंबर १९५८

ती. व्हर्नाताईस,
एल्वुडचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सफरचंदाच्या मुरंब्याच्या दोन बरण्या मिळाल्या. एक फुटली होती. ती मी आधी संपवली. आर्लीन मजेत आहे. वरची खोली तिला आवडली. दिवसभर ती इस्पितळात मदतनिसाचं काम करते आणि जानेवारीत परिचारिकांच्या शाळेत जायचं म्हणून संध्याकाळी पुस्तक घेऊन बसते. रविवारी प्रार्थना झाली की ओबरहोल्ट नावाच्या कोणा अंध म्हातारीला बायबल वाचून दाखवायला जाते, ती संध्याकाळी पाय ओढत परत येते. वाचण्यात एवढे पाय दुखतात हे मला माहीत नव्हतं. तुझी मुलगी तुझ्यावर गेली, मामावर नाही, हे बरं झालं.

आता माझी बातमी. गावात मला मान मिळाला आहे, बसून वाच. हायवेवर ते वॅगनव्हील नावाचं गोदामाएवढं दुकान झालंय ना, ते रविवारीही उघडं असतं. कपडे, दिवे, खिळे, बादल्या, काय वाटेल ते. रविवारी ऐहिक कामधंदा करू नये असा आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुना कायदा आहे, तो पाळला जावा म्हणून मेन स्ट्रीटच्या दुकानदारांनी समिती काढली आहे. अध्यक्ष फर्निचरवाला फेन्स्टरमाकर. समितीची बैठक रविवारीच, अग्निशामक दलाच्या क्लबात भरते, कारण कायद्याने दारूचे गुत्ते त्या दिवशी बंद असले तरी क्लबाच्या सभासदांना बिअर मिळते. प्रभूच्या दिवसाचं पावित्र्य कसं राखावं यावर दुसऱ्या ग्लासानंतर फार सुंदर बोलणी होतात.

तर कोणीतरी त्या दुकानात जाऊन रविवारी वस्तू विकत घ्यायची आणि मग कोर्टात साक्ष द्यायची, असं ठरलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. फेन्स्टरमाकर म्हणाला की एल्वुड, तुझा चेहरा कोणाच्या लक्षात राहत नाही, तूच जा. बावन्न वर्षांत माझ्या चेहऱ्याबद्दल कोणी चांगलं बोलल्याचं आठवत नाही, म्हणून मी हो म्हणालो. शिवाय वॅगनव्हीलमध्ये टोप्या माझ्या दुकानाच्या निम्म्या भावात मिळतात. देवाची आणि माझी तक्रार एकाच दुकानाबद्दल असावी हा योग रोज येत नाही.

हार्वीभाऊजींना नमस्कार. कळावे. तुझा लोभ आहे, तो उरलेल्या बरणीसारखा जपून ठेवतो.
तुझा,
एल्वुड

मेपल रन
२० सप्टेंबर

चि. एल्वुडास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मानाची बातमी ह्यांना वाचून दाखवली. हे म्हणाले, पगार मिळतो का. नाही म्हटल्यावर पुन्हा झोपले. खाण बंद झाल्यापासून ह्यांना दुसरा प्रश्न सुचत नाही, मनावर घेऊ नकोस.

पण एल्वुड, मला हे काही बरं वाटत नाही. दुकान कोणाचं आणि पकडणार कोणाला? मालक तर फिलाडेल्फियात बसलेला असेल. गल्ल्यावर उभ्या असतात त्या पोरीबाळी. तुला टोप्या विकता येत नाहीत याचा राग त्यांच्यावर काढू नकोस. टोप्या खपत नाहीत, कारण आताचे पुरुष गाडीत बसतात आणि गाडीला छप्पर असतं.

त्या अंध म्हातारीबद्दल लिहिलंस ते वाचलं. आर्लीनकडे फार चौकशी करू नकोस. अशा माणसांना बाहेरच्यांनी विचारपूस केलेली आवडत नाही.

वेळेवर जेव. बहिणीचं ऐकायची सवय बावन्नाव्या वर्षीही लावून घेता येते.
आशीर्वादासह,
व्हर्ना

हॉफर्ड
६ ऑक्टोबर

ती. व्हर्नाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, पटलं, आणि तरी तीन रविवार गेलो. काम सोपं आहे. सोबत रायनर्ट नावाचा पोलीस शिपाई असतो, तो दाराशी थांबतो. मी वस्तू घ्यायची, पावती जपायची, बाहेर येऊन पावती त्याच्या हातात द्यायची. तो आत जाऊन विकणाऱ्याचं नाव लिहून घेतो. तक्रार माझ्या नावावर होते.

तुला म्हणून सांगतो, मला हे आवडायला लागलंय. पहिल्या रविवारी दिव्याची टोपी घेतली. दुसऱ्या रविवारी पाना आणि बागेची नळी. मला बाग नाही. तिसऱ्या रविवारी पाऊण तास नुसता हिंडलो, आणि रायनर्ट शोधत आत आला तेव्हा मी एका आरामखुर्चीत बसून तिच्या स्प्रिंगा तपासत होतो. तो म्हणाला की साहेब, एक वस्तू पुरे असते. इकडे मेन स्ट्रीटवर तीस वर्षं दुकान चालवलं, पण दुकानात जाण्यात एवढी मजा असते हे मला गिऱ्हाइकांनी कधी सांगितलं नाही.

पहिल्या रविवारच्या दिव्याच्या टोपीबद्दल पेट्रिला नावाच्या विधवा बाईला चार डॉलर दंड झाला. स्लोव्हाक आहे. उभी राहून तिने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. नंतर कळलं की मॅनेजरने तिला काढून टाकलं, कोर्टकचेरीत नाव गेलेली माणसं त्याला नको आहेत म्हणे. मला वाईट वाटलं. फेन्स्टरमाकर म्हणाला की आपण कायदा केलेला नाही. ते खरं आहे, म्हणून मी वाईट वाटणं थांबवलं. निदान बैठकीत तरी.

येत्या रविवारी टोप्यांच्या विभागात जायचं ठरलंय. मी स्वतःच मागून घेतलं.

लोभ कमी झाला असेल तर तसं स्पष्ट कळव, म्हणजे उरलेला मोजून वापरीन.
एल्वुड

मेपल रन
९ ऑक्टोबर

चि. एल्वुडास,
आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे. येत्या रविवारी त्या दुकानात जाऊ नकोस. इकडे ये. सफरचंदं उकळायला घेतली आहेत, मोठी कढई ढवळायला माणूस हवा, ह्यांची पाठ धरली आहे. कारण विचारू नकोस. मोठी बहीण बोलावते आहे, एवढं पुरे.
व्हर्ना

हॉफर्ड
१३ ऑक्टोबर

ती. व्हर्नाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. वाचून मी हसलो आणि गल्ल्यात ठेवून दिलं. कढई ढवळायला माणूस सापडेल म्हटलं.

काल मी राखाडी फेल्टची टोपी घेतली. माझ्या दुकानात आहे तशीच, फक्त अस्तर शिवलेलं नाही, चिकटवलेलं. ते मी नखाने उचकटून बघितलं आणि मला अतिशय आनंद झाला. त्या आनंदात वहीत टिपण करत करत रांगेत पुढे सरकलो. गल्ल्याशी पोचून मान वर केली तर समोर लाल एप्रन घालून आर्लीन.

ताई, तिचा रंग उडाला, पण क्षणभरच. मग तिने टोपी घेतली, किंमत सांगितली, पिशवीत घातली आणि साहेब, पुन्हा या, असं इतर सगळ्यांना म्हणते तसंच मलाही म्हणाली. टोपी तिथेच ठेवून मी निघून गेलो असतो तर काही झालं नसतं. मागे पाच माणसं होती, एवढ्याचीच मला लाज वाटली. मी पैसे दिले. पावती हातात घेऊन दाराशी आलो, रायनर्टने नेहमीसारखी ती माझ्या बोटांतून काढून घेतली आणि आत गेला. मी त्याला हाक मारली नाही. हाक मारायला तोंड उघडलं होतं हे मात्र खरं, पण उघड्या तोंडाने मी गाडीत जाऊन बसलो.

रात्री जेवताना तिने मला बटाटे वाढले. मी ओबरहोल्टबाईंची प्रकृती विचारली. देवाशपथ, मला दुसरं काही सुचलं नाही. ती म्हणाली, बऱ्या आहेत. मग म्हणाली की मामा, शिपायाने माझं आडनाव चुकीचं लिहिलंय, किस्लरच्या स्पेलिंगमध्ये टी असतो, कोर्टात तेवढं दुरुस्त करून घ्या. आणि ताट उचलून वर गेली.

सुनावणी पंचवीस तारखेला आहे. तुला सगळं माहीत होतं. मला सांगितलं का नाहीस?
एल्वुड

मेपल रन
१६ ऑक्टोबर

चि. एल्वुडास,
आशीर्वाद.

सांगितलं नाही, कारण तू समितीत होतास. आणि त्याआधी सांगितलं नाही, कारण तू तू आहेस. इस्पितळाच्या पगारात शाळेची फी निघत नाही. ह्यांना काम नाही. मामा रविवारी कामावर जाऊ देणार नाही, असं पोरगी म्हणाली, आणि म्हातारी आम्ही दोघींनी मिळून बनवली. अंध मी केली. आर्लीन नुसती आजारी म्हणत होती.

फीचं काहीतरी जमलं असतं. पण त्या शाळेला चारित्र्याचा दाखला लागतो. न्यायाधीशाच्या वहीत नाव चढलं की दाखला कोण देणार? तू एक टोपी घेतलीस आणि माझ्या मुलीची शाळा पिशवीत घालून नेलीस.

आणि रविवारच्या पावित्र्याचं मला सांगू नकोस. दारूबंदीच्या काळात बाबांच्या तळघरातली आंबवलेली सफरचंदाची दारू चर्चच्या बँडवाल्यांना कोण विकत होतं? तेही रविवारीच, कारण बँड रविवारी वाजायचा. बाबांनी पिंपाला हात लावून विचारलं तेव्हा पिंप गळतंय असं मी सांगितलं. तू मागे उभा राहून मान हलवत होतास.

मी रागावले आहे. तरी खाली नेहमीसारखीच सही करते.
तुझी बहीण,
व्हर्ना

हॉफर्ड
२७ ऑक्टोबर

ती. व्हर्नाताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच: आर्लीनचं नाव वहीत चढलेलं नाही.

कोर्ट म्हणजे हन्सिकरच्या घराची पुढची खोली. हन्सिकर न्यायाधीश आहे आणि बियाणंही विकतो, त्यामुळे आम्ही सगळे पोत्यांच्या मध्ये बसलो होतो. त्याने आर्लीनला विचारलं, खरेदी करणाऱ्या गृहस्थाला ओळखतेस का. ती म्हणाली, हो, माझे मामा आहेत, मी त्यांच्याच घरी राहते. हन्सिकरने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. फेन्स्टरमाकरनेही. त्याला मी सांगितलेलं नव्हतं.

मग मला उभं केलं. या मुलीकडून टोपी घेतली का? घेतली, म्हणालो. खोटं बोलायचा विचार आठवडाभर करून पाहिला होता, पण मला ते साधत नाही. पिंपाच्या वेळीही तुलाच बोलावं लागलं. त्याऐवजी मी कायद्याचा कागद खिशातून काढला आणि म्हणालो की यात विकणाराच असं कुठे लिहिलेलं नाही, रविवारी ऐहिक कामधंदा करणारा कोणीही, असं आहे. मी समितीकडून पेट्रोल घेऊन चार रविवार काम केलं. वर प्रतिस्पर्ध्याच्या टोपीचं अस्तर उचकटून बघितलं. हा धंदा नाही तर काय आहे? तेव्हा आधी माझ्यावरची माझी तक्रार लिहून घ्या.

फेन्स्टरमाकर म्हणाला की एल्वुडला बरं नाही. हन्सिकर म्हणाला की त्याला आज पहिल्यांदाच बरं असल्यासारखं दिसतंय. त्याने मला चारही रविवारांचा दंड केला, आणि जो स्वतः गुन्हा करत होता त्याची तक्रार मी ऐकणार नाही, असं म्हणून आर्लीनचं प्रकरण काढून टाकलं. मागे कोणीतरी हसलं. समितीतून मला तिथल्या तिथेच काढलं. काल चर्चमध्ये माझ्या बाकावर भरपूर जागा होती.

आर्लीन माझे आभार मानील असं मला वाटत होतं. हॅटही हातात काढून घेतली होती. बाहेर पायऱ्यांवर ती म्हणाली की मामा, पेट्रिलाबाईंच्या वेळी हा कागद कुठे होता? आणि बससाठी निघून गेली.

मी हॅट पुन्हा डोक्यावर घातली आणि चालत घरी आलो.

तुझा राग उतरला असेल तर कळव. नसेल तर उतरेपर्यंत लिहीत राहतो.
एल्वुड

हॉफर्ड
४ नोव्हेंबर

ती. व्हर्नाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, आणि त्यात भाऊजींची स्वतःच्या हाताने लिहिलेली एक ओळही. शाळेने आर्लीनला जानेवारीत घ्यायचं पक्कं केलं, ते तिने तुला कळवलंच असेल. माझ्याशी ती आता हवापाण्याचं बोलते. काल थोडं राजकारणाचंही बोलली.

परवा रविवारी मी पेट्रिलाबाईंकडे गेलो. रेल्वेच्या पलीकडे, शर्टांच्या कारखान्यामागे राहतात. त्यांनी दार उघडलं, मला ओळखलं आणि दारातच उभ्या राहिल्या. मी माफी मागायला आलोय म्हटलं. त्या म्हणाल्या की तुमच्या कृपेने मला आता रविवारी सुट्टी असते, आज मी आराम करते आहे. आठवडाभर कारखान्यात शिवते. सोमवारी चारला घरी येते, तेव्हा या. मी म्हणालो की चारला माझं दुकान उघडं असतं. त्या म्हणाल्या, मग बंद करा. आणि दार लावून घेतलं.

काल साडेतीनला मी दुकान बंद केलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या चांभाराने येऊन विचारलं की कोण गेलं.

त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि सगळं सांगितलं. रविवारच्या त्या पगारातून हिवाळ्याचा कोळसा यायचा. मॅनेजरने काढलं तेव्हा कामावर वर्षभर घातलेली कापडी चपलांची जोडीसुद्धा परत मागितली. घरी येऊन त्यांनी मुलीला सांगितलं की आईला कंटाळा आला म्हणून सोडलं. हे सगळं त्या आवाज न चढवता बोलत होत्या आणि मी माझी हॅट मांडीवर धरून फिरवत होतो. मी पाठ केलेली माफी मागितली. ती लांबली. त्या मध्येच उठून शेगडी बघून आल्या.

कोळशाचे पैसे मी देतो म्हटलं, तर न केलेल्या कामाचे पैसे घेत नाही म्हणाल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, नाही केलं असंही नाही. मग म्हणाल्या की उसना घेतलेला अर्धा टन कोळसा मागच्या अंगणात पडला आहे, तो तळघरात न्यायचाय, आणि माझी कंबर शिवून शिवून गेली आहे. फावडं दाराशी आहे.

ताई, मी चर्चचा सूट घालून गेलो होतो. कोट काढून खुंटीला लावला. फावडं धरायची माझी पद्धत बघून त्यांची मुलगी खिडकीत येऊन उभी राहिली आणि शेवटपर्यंत हलली नाही. अंधार पडला तेव्हा संपलं. आज माझा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून टोप्या खालच्या फळीवर मांडल्या आहेत.

निघताना पेट्रिलाबाई म्हणाल्या की गुरुवारी आणखी अर्धा टन येणार आहे. मी म्हणालो, तीनला दुकान बंद करतो.

माझ्यावर लोभ ठेव असं लिहिणार होतो. सध्या जमेल तेवढाच ठेव, बाकीचा मी हळूहळू मिळवतो.
तुझा,
एल्वुड