मागचं लाल बटण

मल्लेश्वरम, गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६

स्वतःचीच लाज वाटतेय. ताईने अमेरिकेहून कॉम्प्युटर आणला, साड्यांत गुंडाळून. सुट्टीत इथे बसून प्रबंध पुरा करायचा होता तिला. शेजारच्या अक्काही बघायला आल्या. प्लग बसेना, म्हणून मी अडॅप्टर लावला.

ताई म्हणाली, "मागचं लाल बटण बघितलंस ना? तिकडच्या व्होल्टेजवर असेल."

"अगं, माझं रोजचंच काम आहे हे!"

नव्हतं बघितलं. स्विच टाकताच फट्‌कन आवाज, धूर, जळका वास. आणि मी काय बोललो? "इथला करंटच असा!" बाबांनी मान डोलावली. अक्का म्हणाल्या, "हौदु, हो, इथे असंच." ते लाल बटण तिकडच्या एकशे पंधरा व्होल्टवरच होतं. सगळे उठल्यावर मी ते हळूच दोनशे तीसवर सरकवलं. का? कोणाला फसवत होतो? आतला प्रबंध शाबूत आहे की नाही, तेही माहीत नाही.

संध्याकाळी राहवेना. ताई एकटीच भाजी निवडत होती. तिला सगळं सांगून टाकलं.

"तू बटण सरकवलंस तेव्हा मी दारातच होते रे," ती म्हणाली. "तू कधी सांगतोस, त्याचीच वाट बघत होते."