तळव्याला टोचलेली टाचणी

अण्णा, काल माझ्याकडं चार वर्षांची एक मुलगी आणली होती. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी उजवा पाय लुळा. मी तिच्या तळव्याला टाचणी टोचली तशी ती अशी किंचाळली की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून दारात आली. तिची आई माझ्याकडं रागानं बघत होती आणि मी मात्र मनात म्हणत होते, ओरड बाई, आणखी ओरड. रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून आज सकाळीच लिहायला बसले.

आपला दवाखाना म्हणजे घराची पुढची खोली. निजामाचा अंमल, भूम तालुक्यातलं आडगाव, घरोघर हिवताप, आणि आसपास सुई देणारे तुम्ही एकटे. मुलं सुईला भ्यायची म्हणून तुम्ही बरणीत खडीसाखर ठेवायचात. रडेल त्याला एक खडा, तोंडातून ब्र काढणार नाही त्याला दोन. मला कधी एकावर भागवावं लागलं नाही. डॉक्टरची पोर म्हणून मी दात आवळून बसायचे आणि तुम्ही आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचात, "बघा, पापणीसुद्धा हलली न्हाय हिची!"

सहाव्या वर्षी मला ताप आला. हिवतापच समजून तुम्ही माझ्या डाव्या कमरेखाली क्विनीनची सुई दिलीत. दोन दिवसांनी सकाळी मी अंथरुणातून उठायला गेले, तर डावा पाय माझ्याबरोबर आलाच नाही. आई चुलीपुढून धावत आली. तिनं पाय उचलून बघितला, सोडला, तो धपकन खाली पडला. "तुमच्या सुईनं केलं हे," ती म्हणाली. "पोरीची नस मारलीत तुम्ही." तुमच्याशी इतक्या चढ्या आवाजात बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

तुम्ही माझ्या पायाशी बसता. डबीतून एक टाचणी काढता. आई पदराचा बोळा तोंडात धरून उभी आहे. "डोळे मीट," तुम्ही म्हणता, "आणि टोचलं की सांग." टाचणी तळव्यात शिरते. विंचवानं नांगी मारावी तशी कळ पार डोक्यापर्यंत जाते. मी श्वास रोखून धरते.

"कळतंय का गं?"

"न्हाय."

"आता? अंगठ्यापाशी?"

"न्हाय."

तिसऱ्यांदा टोचताना तुमचा आवाज चिरकतो. "बाळ, नीट सांग. जरासं तरी कळतंय का?" मी मान हलवते, डोळे उघडते आणि बरणीकडं बघते. आज तर तीनदा टोचून घेतलं, म्हणजे दोनापेक्षा जास्तच मिळणार. तुम्ही उठता आणि मागल्या दारानं परसात निघून जाता. बरणीला हातही लावत नाही.

नस दुखावली असती तर तळव्याला टोचलेलं मला कळलंच नसतं. तापाच्या त्या रोगात, ज्याला आता सगळे पोलिओ म्हणतात, ताकद जाते पण टोचलेलं कळतं. तुमच्या सुईनं त्या पायाचं थोडं वाईट केलंही असेल, मी तुम्हाला खोटा दिलासा देत नाही. पण पाय नेला तो त्या रोगानं. तुम्ही विचारलेला प्रश्न बरोबर होता, उत्तर मी खोटं दिलं. आणि आता रागावतेच तुमच्यावर: माझी मांडी तपासली असतीत, गुडघ्यावर हातोडी मारली असतीत, तर मांडीची ताकद आणि गुडघ्याचा झटकाही गेलेला दिसला असता, जो सुईनं नस दुखावून जात नाही, आणि माझं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. परक्याच्या पोराला नखशिखांत बघणारे तुम्ही, स्वतःच्या पोरीपाशी दिव्याखाली अंधार.

महिनाभरात शेजारच्या ईट गावाहून एक बाप पोराला खांद्यावर घेऊन आला. ताप येऊन पोराचा हात लुळा पडला होता. "सुई न्हाय, काय न्हाय, डाक्टरसाब, आपोआपच गेला की वो हात," तो काकुळतीनं सांगत होता. एरवी एवढ्या एका वाक्यावरून तुम्हाला उलगडा झाला असता. तुम्ही पोराकडं नीट बघितलंही नाहीत. "बार्शीला न्या. मी सुई सोडलीय," म्हणालात. तेव्हापासून हिवतापानं फणफणलेली माणसंही तुमच्या दारातून बार्शीच्या वाटेला लागायची. सगळी पोचली असतील असं नाही.

हे सारं मला तुम्ही गेल्यावर समजलं असतं, तर हे पत्र सोपं होतं. पण मी डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना वॉर्डात असाच एक लुळा पाय बघितला, आणि सुट्टीत सांगायचं ठरवूनच घरी आले. तुम्ही ओसरीवर खाली बसून माझ्या डाव्या पायाला आधार देणाऱ्या बुटाचे पट्टे बांधत होतात, रोजच्यासारखे. त्या पायापायी तुम्ही मला कधी कशाला नाही म्हणाला नव्हतात. शाळा म्हटलं, शाळा. परगावी राहून डॉक्टर होते म्हटलं, तर आईशी भांडून पाठवलंत. आपल्या हातून घडलं नाही हे कळलं, तर हा माणूस इतर बापांसारखा होईल, शिक्षण थांबवून लंगड्या पोरीला कुठंतरी उजवून मोकळा होईल, अशी मला भीती वाटली.

"काय गं, काही सांगायचंय का?" तुम्ही मान वर करून विचारलंत.

"काही न्हाय," मी म्हणाले.

त्यानंतर तुम्ही तीन वर्षं होतात. दर सुट्टीत पट्टे तुम्हीच बांधलेत.

हे पत्र घडी करून टाचण्यांच्या डबीखाली ठेवते आहे. दोनदा तुम्ही विचारलंत आणि दोन्ही वेळा मी न्हाय म्हणाले. पहिल्या वेळी मी सहा वर्षांची होते, अण्णा. दुसऱ्या वेळी नव्हते.